न झालेल्या जखमेचे आभार: वृद्ध शुश्रूषाकेंद्रातील एक प्रकरण

पाठीला बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून होणारी जखम, झाला की नातेवाइकांना तो लगेच दिसतो, आणि दिसायलाच हवा. तो झाला नाही, तर त्यासाठी रात्रंदिवस खपलेले हात मात्र कोणाच्या नजरेला पडत नाहीत. वृद्ध शुश्रूषाकेंद्रातले बरेचसे चांगले काम असे असते: माणूस पडला नाही, ठसका लागला नाही, कातडी फाटली नाही. म्हणून आजी-आजोबा गेल्यावर घरच्यांचे मन भरून येते, आभार मानावेसे वाटतात; पण कशाचे आणि कोणाकोणाचे, हे उमगत नाही. पुढचे प्रकरण त्याबद्दल आहे. ते कोणा एका घरचे नाही. अशा केंद्रांत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या प्रसंगांवरून ते रचले आहे.

आजींची स्थिती

वय ८२. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने पक्षाघात झालेला, डावा हात आणि पाय लुळा. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे डाव्या बाजूचे भानच गेले होते. ताटात डावीकडे वाढलेले तसेच राहायचे, डाव्या गालात घास साठून राहायचा, डावा पाय उशीवरून घसरला तरी त्यांना कळायचे नाही. गिळणे मंदावले होते. साधे पाणी प्यायल्या की ठसका लागायचा. दाखल झाल्या तेव्हा वजन ४८ किलो होते.

ब्रेडन मापनात त्यांना १२ गुण पडले. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये मांडलेले हे मापन संवेदना, ओलावा, वावर, अंथरुणातली हालचाल, पोषण आणि घर्षण अशा सहा गोष्टी तपासते. गुण ६ ते २३ असतात. जितके कमी, तितका बेडसोअरचा धोका अधिक. १८ किंवा त्याखाली गुण आले की काळजी घ्यायला लागतात. १२ म्हणजे धोका मोठा.

घरची मंडळी म्हणजे मुलगा, सून आणि नात. तिघेही भेटीच्या वेळेत, दुपारी ४ ते ६, आळीपाळीने यायचे. त्यामुळे त्या वेळी कामावर असणाऱ्या एका सेविकेशी त्यांची चांगली ओळख झाली. सगळे तिला मावशी म्हणत. उरलेल्या २२ तासांत आजींभोवती कोण असते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे झालेल्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

कूस बदलणे

दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे दिवसाला १२ वेळा, महिन्याला ३६० वेळा, आणि प्रत्येक वेळी दोन माणसे. ऐकायला सोपे वाटते, पण प्रत्येक वेळी चुकीला वाव असतो. माणसाला ओढून सरकवले तर कातडी चादरीला धरून राहते आणि आतली हाडे पुढे जातात. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन आतल्या आत इजा होते. म्हणून कमरेखाली आडवी चादर घालून, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून, आधी उचलायचे आणि मग सरकवायचे. लुळा हात धरून ओढायचा तर कधीच नाही. खांद्याचा सांधा निखळतो आणि ते दुखणे कायमचे मागे लागते.

कुशीवर वळवताना पूर्ण आडवे करत नाहीत. पाठीमागे तिरकी उशी देऊन शरीर साधारण ३० अंश कलते ठेवतात, म्हणजे माकडहाड आणि खुब्याचे हाड दोन्हींवरचा भार सुटतो. गुडघ्यांमध्ये एक उशी, लुळ्या हाताखाली एक, आणि पोटऱ्यांखाली एक अशी, की टाचा अंथरुणाला न टेकता अधांतरी राहतील.

या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा प्रसंग टाचेचाच आहे. तिसऱ्या महिन्यात एका रात्री ३ च्या सुमारास रात्रपाळीच्या सेविकेने कूस बदलताना टॉर्च लावून टाचा पाहिल्या. डाव्या टाचेवर नाण्याएवढा भाग तिला इतर कातडीपेक्षा गरम आणि कडक लागला. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. हात लावून शेजारच्या भागाशी ताडून पाहावे लागते. तिने बोटाने दाबून सोडले, तर रंग बदलला नाही. दाबल्यावर फिका न पडणारा डाग म्हणजे बेडसोअरची पहिली पायरी. कातडी अजून शाबूत असते आणि भार काढला तर ती बहुधा पूर्ववत होते. हीच गोष्ट सकाळवर ढकलली असती, तर पुढच्या पायरीला कातडी सोलवटली असती, आणि टाचेची जखम भरायला महिने लागू शकतात.

तिने सिस्टरना लगेच उठवून आणले. सिस्टरनी कारण शोधले. पांघरूण पायथ्याशी घट्ट खोचलेले होते, त्याने पाऊल खाली दाबले जात होते. पाय उशीवरून घसरला होता आणि आजींना त्याचा पत्ता नव्हता. हवेच्या गादीतला दाबही त्यांच्या वजनाला जुळत नव्हता. गादीखाली, माकडहाडाच्या रेषेत, तळहात वर करून घातला की हात आणि शरीर यांच्यामध्ये निदान अडीच सेंटिमीटर हवेचा थर जाणवायला हवा. इथे हाड हाताला लागत होते. दाब दुरुस्त केला, पांघरूण सैल केले, दोन्ही पायांना पोटरीपासून आधार दिला. डागावर मालिश केली नाही. घरचे लोक प्रेमाने तेच करू पाहतात, पण दुखावलेल्या केशवाहिन्या चोळल्याने आणखी फुटतात. पाचव्या दिवशी कातडी पुन्हा मऊ झाली.

घरच्यांना कळवले होते. फोनवर ते ‘बरं, बरं’ म्हणाले. काय टळले, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन तास हा काही देवाने आखून दिलेला नियम नाही. गादी चांगली असेल आणि कातडी साथ देत असेल तर रात्री ते अंतर वाढवून झोप मिळू देणे शहाणपणाचे ठरते. आजींच्या बाबतीत टाचेच्या प्रसंगानंतर ते दोनच तास ठेवले गेले, तो निर्णय कातडी पाहून घेतलेला होता.

भरवणे

आजींना भरवायला एका वेळी ३० ते ४० मिनिटे लागत. द्रव पदार्थ घट्ट करणारी पूड घालून चमच्याने द्यावे लागत. चमचा ५ मिलीचा. दिवसाला १२०० मिली द्रव पोटात जायचे तर २४० चमचे होतात, आणि प्रत्येक चमच्यानंतर गळा वर-खाली झालेला पाहूनच पुढचा चमचा द्यायचा.

या कामाला एक क्रम आहे. आधी खाटेचा गुडघ्याकडचा भाग उचलायचा, मग डोक्याकडचा; उलट केले तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते. पाठ शक्य तितकी ताठ, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर बसून भरवायचे. उभे राहून भरवले की जेवणारा वर पाहतो, मान मागे जाते आणि श्वासनलिका उघडी पडते. घास तोंडाच्या उजव्या, जाणीव असलेल्या बाजूला. चार-पाच चमच्यांनी ‘आ’ म्हणायला सांगायचे. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचे. ठसका लागत नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. काहींच्या छातीत अन्न ठसका न लागताच उतरते. शेवटी डावा गाल तपासून साठलेला घास काढायचा, दात आणि जीभ पुसायची, आणि पुढची ३० मिनिटे बसतेच ठेवायचे. तोंडाची स्वच्छता इथे औषधाच्या तोडीची आहे, कारण तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करतात.

त्या ३० मिनिटांनंतर मात्र पाठ पुन्हा ३० अंशांपर्यंत उतरवायची. छातीसाठी ताठ बसणे चांगले, माकडहाडासाठी वाईट. हा तोल प्रत्येक जेवणाला घड्याळ पाहून सांभाळावा लागतो.

पाचव्या महिन्यात वजन ४८ वरून ४५.५ किलोवर आले. महिन्यात ५ टक्क्यांहून अधिक घट झाली की ती गांभीर्याने घेतात. इथे ती ५.२ टक्के होती. आहाराच्या नोंदी पाहिल्यावर कळले की सकाळी आजी चांगल्या जागरूक असतात, संध्याकाळी थकून चौथ्या-पाचव्या घासालाच तोंड मिटतात, आणि मोठे जेवण मात्र रात्रीचे होते. ते सकाळी आणले, उरलेले सहा छोट्या वेळांत वाटले, कमी प्रमाणात जास्त ऊर्जा मिळेल असे पदार्थ दिले. दोन महिन्यांत वजन ४७ वर आले. यात स्वयंपाकघराचा वाटा मोठा होता. एका माणसासाठी वेळापत्रक बदलणे ही तिथे सोपी गोष्ट नसते.

‘आज आजी आजींसारख्या नाहीत’

सातव्या महिन्यात दोन दिवस आजी गप्प होत्या, सारख्या पेंगत होत्या. घरच्यांना वाटले, त्रास कमी झाला, शांत झाल्या. दिवसपाळीची सेविका मात्र सिस्टरना म्हणाली, ‘आज आजी आजींसारख्या नाहीत.’ रोज अंघोळ घालणाऱ्या, केस विंचरणाऱ्या माणसालाच हा फरक आधी कळतो, आणि चांगली परिचारिका अशा बोलण्याला तक्रार न समजता लक्षण समजते.

भ्रमावस्था, म्हणजे आजारपणात अचानक भान बिघडणे, म्हटले की आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो. तिचा सुस्त प्रकार असतो, तो सहज निसटतो. ताप नव्हता, पण वृद्धांत ताप नसणे हे आजार नसल्याचे लक्षण नव्हे. सिस्टरनी नाडी, श्वास, ऑक्सिजन तपासले, नवीन औषध सुरू झाले आहे का पाहिले, आणि शौचाची नोंद उघडली. चार दिवस शौच नव्हते. पोट कडक, मूत्राशय तुंबलेले. साठलेल्या मळाने मूत्रमार्ग दाबला गेला होता. डॉक्टरांच्या सूचनेने दोन्ही मोकळे केल्यावर दुसऱ्या दिवशी आजींनी नातीला नावाने हाक मारली. दोष शोधायचा तर तोही आहे: तीन दिवस शौच नसले की सिस्टरना सांगायचे, हा नियम त्या खेपेला पाळी बदलताना निसटला होता. केंद्राने त्यानंतर ती नोंद पाळीच्या हस्तांतरात मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

शेवटचे दिवस

अकराव्या महिन्यात दुसरा झटका आला. डॉक्टर आणि कुटुंब यांनी मिळून केंद्रातच ठेवायचे ठरवले. गिळणे थांबले. मुलाला भरवायचे होते. सिस्टरनी त्यांना जवळ बसवून सांगितले की शरीर आवरते घेताना भूक-तहान मावळते, आता बळेच घातलेला घास छातीत जाईल. मग त्यांच्या हातात ओला बोळा दिला आणि ओठ, हिरड्या कशा ओलावायच्या ते दाखवले. भरवण्याऐवजी करता येईल असे काहीतरी हाताला मिळणे, त्या वेळी मोठे असते. घशात घरघर सुरू झाली तेव्हा कुशीवर वळवले. श्वास थांबून थांबून येऊ लागला, हातापायांवर जांभळट छटा आली. हे होणार असे आधीच सांगितलेले होते, त्यामुळे घरचे घाबरले नाहीत. आजी पहाटे गेल्या. रात्रपाळीच्या दोघींनी आणि सिस्टरनी अंग पुसले, केस विंचरले. पुसताना त्या आजींशी बोलत होत्या, रोजच्यासारख्या.

आभार कुठे फसले

चौथ्या दिवशी मुलगा पैशांचे पाकीट घेऊन आला आणि त्याने ते मावशींच्या हातात दिले. मावशींनी नियमाप्रमाणे ते पर्यवेक्षिकेकडे जमा केले, आणि दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे झाले. मुलाचा हेतू निखळ होता. पण अशा केंद्रांत रोख रकमेला मनाई असते, ती कोरडेपणाने नव्हे. पैसे देणाऱ्या घरच्या वृद्धाकडे आधी लक्ष दिले जाते, अशी शंका एकदा आली की न देऊ शकणारी घरे काळजीत पडतात. शिवाय विस्मरण झालेल्या वृद्धांच्या पैशांबाबत संशयाचा डाग कोणत्याही सेविकेवर लागू शकतो. आणि इथे तर आणखी एक गोष्ट होती: टाच वाचवणारी, सुस्ती ओळखणारी, शेवटी अंग पुसणारी, यांपैकी कोणीही ४ ते ६ च्या वेळेतली नव्हती. मावशी स्वतःच म्हणाल्या, ‘मी एकटीनं काय केलं? रात्रीच्या पोरींना विचारा.’

त्यावर पर्यवेक्षिकेने जे केले ते इतर केंद्रांनीही करावे असे आहे. कागदपत्रे पाहण्याचा हक्क असलेल्या मुलाला आणि नातीला तिने तासभर बसवून आजींच्या नोंदी दाखवल्या: कूस बदलण्याचा तक्ता, खाण्यापिण्याची वही, वजन, शौच, कातडीची तपासणी. अकरा महिन्यांच्या त्या सह्या पाहताना नातीने विचारले, ‘ही रात्रीची सही कोणाची?’ तिथून पुढचे पत्र लिहिले गेले.

पत्र

‘मा. व्यवस्थापक,
आमच्या आजी अकरा महिने आपल्या केंद्रात होत्या. त्या पूर्ण परावलंबी असूनही त्यांच्या अंगावर एकही जखम न होता त्या गेल्या. हे आपोआप झालेले नाही, हे आम्हाला नोंदी पाहून समजले.
तिसऱ्या महिन्यात रात्री ३ वाजता ज्या सेविकाताईंनी टॉर्च लावून डाव्या टाचेवरचा डाग ओळखला, त्यांनी आजींचे पुढचे अनेक महिन्यांचे दुखणे वाचवले. आम्ही ज्याला शांतपणा समजलो तो आजार आहे, हे दिवसपाळीच्या ताईंनी ओळखले आणि सिस्टरनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले. स्वयंपाकघरातल्या मंडळींनी एका आजींसाठी जेवणाची वेळ बदलली. धुलाईविभागाने रोज कोरड्या, सुरकुती नसलेल्या चादरी दिल्या. मावशींनी प्रत्येक घासाला समोर बसून वाट पाहिली. शेवटच्या रात्री बाबांना ओठ कसे ओलवायचे ते सिस्टरनी शिकवले. आईसाठी काही करता आले, हे समाधान त्यांना तुमच्यामुळे मिळाले.
सर्वांची नावे आणि पाळ्या सोबत जोडल्या आहेत. ज्यांच्या सेवानोंदीत हे पत्र लावता येईल, त्यांच्या नोंदीत कृपया लावावे.’

या पत्रात ‘तुम्ही देवमाणसे आहात’ हे वाक्य नाही. ते वाक्य मनापासूनचे असते आणि तोंडी जरूर म्हणावे. पण देवमाणसाला प्रशिक्षण, पुरेसे सोबती आणि रात्रीची विश्रांती लागत नाही, अशी समजूत त्यातून होऊ शकते. टाचेवरचा डाग ओळखणे हे कौशल्य आहे. कौशल्याचे आभार मानले की पगारवाढीच्या, बढतीच्या वेळी ते पत्र पुढे ठेवता येते.

पत्रात कोणाशी तुलनाही नाही. ‘बाकीच्यांपेक्षा या ताई चांगल्या’ अशी एक ओळ त्या ताईंना सहकाऱ्यांत एकटे पाडते. आजींचा चश्मा धुलाईत हरवला होता, त्याची तक्रार नातीने वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी दिली. तक्रार आणि आभार एकाच पत्रात घातले की वाचणाऱ्याला दोन्ही खोटे वाटतात.

वेळेचेही भान हवे. आठवड्याभरात लिहिलेले पत्र बहुधा शोकाचे होते. दोन-तीन आठवडे थांबले तरी चालते. महिनोन्‌महिने लांबवले तर पाळ्या बदलतात, कंत्राटी सेविका दुसरीकडे जातात आणि नावे हरवतात.

जिवंतपणीच मानायचे आभार

हा भाग या कुटुंबाकडून थोडा उशिरा झाला, पण झाला. आठव्या महिन्यात नातीने एका पानावर आजींची ओळख लिहून खाटेच्या उजव्या बाजूला, आजींना दिसेल अशी लावली: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, आयुष्यभर काय काम केले, कोणत्या कानाने नीट ऐकू येते, अंघोळीला भीती वाटते तेव्हा काय बोलले की शांत होतात. नव्या सेविकेला हे पान पहिल्याच दिवशी उपयोगी पडते. औषधे वाटत असलेल्या सिस्टरना मध्येच हाक न मारणे हेही आभारच आहेत, कारण लक्ष विचलित झाले की औषधाची चूक होण्याची शक्यता वाढते. पाळी बदलायच्या अर्ध्या तासात प्रश्न विचारू नयेत. येणार असाल तर जेवणाच्या वेळी या, भरवायची रीत शिकून घ्या. एक वेळचे भरवणे तुम्ही उचललेत तर सेविकेला दुसऱ्या कोणासमोर ४० मिनिटे बसता येते. फोटो काढताना मागच्या खाटेवरचे आजोबा चौकटीत येत नाहीत ना, ते पाहा.

वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारावे. आजींच्या डायपरची न फोडलेली पाकिटे केंद्राने घेतली. द्रव घट्ट करणाऱ्या पुडीचा उघडलेला डबा घेतला नाही, तो दुसऱ्या रुग्णाला वापरता येत नाही. चाकाची खुर्ची घेण्याआधी तिचे ब्रेक आणि पायाचे आधार तपासून घेतले. वाटून खाण्यासारखे काही द्यायचे होते तेव्हा नातीने बंद पाकिटांचे तीन सारखे भाग केले, प्रत्येक पाळीसाठी एक. दुपारी दिलेले रात्रीपर्यंत उरत नाही.

पत्राची एक प्रत कार्यालयाच्या सूचनाफलकावर लागली. रात्री कार्यालयाला कुलूप असते. म्हणून पर्यवेक्षिकेने दुसरी प्रत रात्रपाळीच्या हस्तांतराच्या वहीत चिकटवली आणि सलग तीन रात्री, रात्रपाळीच्या सगळ्या तुकड्या येऊन जाईपर्यंत, ती पाळीच्या सुरुवातीला वाचून दाखवली.